पत्त्यावर घर नाही

दादा,

आज माझ्या गाडीच्या विम्यासाठी नवा पत्ता कळवून आले. घर बदलून चारच दिवस झालेत, भांडी अजून पोत्यातच आहेत, पण आधी ते काम केलं. काउंटरवरची पोरगी हसून म्हणाली, "एवढी घाई कुणी करत नाही, मॅडम." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असल्या कागदाची मागची बाजू वाचल्याशिवाय मी अजून सही करत नाही.

नामांतराच्या दंगलीत आपली वस्ती पेटवली तेव्हा तुम्ही भाडं घेऊन पूर्णेला गेला होतात, म्हणून तेवढी टॅक्सी वाचली. घरातलं मायचं जातं उरलं, बाकी सगळी राख. आपण परभणीला एका खोलीत आलो. अजून दिसतं मला, रस्त्याच्या कडेला तुम्ही ती जुनी गाडी पोळ्याच्या बैलासारखी चोळून धुताय आणि माय आतून ओरडतेय, "पोरीच्या आंघुळीला तरी पानी ठिवा!" पुढं विम्याचा कागद नवा करायची वेळ आली. मी अकरावीला होते, घरात लिहिणारी मीच. पत्त्याच्या रकान्याशी थांबून तुमच्याकडं पाहिलं. "गावचाच लिव," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "दादा, तिथं आता काय हाय आपलं?" तुम्ही विडी विझवलीत. "घर जळालंय, गाव न्हाई. कागदावरून बी आपुनच नाव काढलं, तर त्यायचं ऱ्हायलेलं काम आपुनच केल्यावानी व्हईल." मी गावचा पत्ता लिहिला.

पुढच्याच उन्हाळ्यात चुडाव्याजवळ ट्रकनं टॅक्सीचं तोंड चेपलं. तुम्ही जिवंत घरी आलात, याचाच आनंद इतका की बाकी काही सुचेना. तुम्ही विमा कंपनीला अपघात कळवलात आणि आपण उत्तराची वाट बघत बसलो. गाडी गॅरेजच्या दारात गंजत होती. दोन महिन्यांनी मला सोबत घेऊन तुम्ही त्यांच्या ऑफिसात गेलात. साहेबानं फाईल काढली आणि दोन बंद पाकिटं टेबलावर टाकली. मुदतीत गाडी तपासायला दाखवा, नाहीतर दावा बंद करू, असं त्यात कळवलं होतं म्हणे. दोन्ही गावाहून परत आलेली. वर पोस्टमननं लाल शाईत काहीतरी लिहिलं होतं, ते तुम्ही मला वाचायला लावलंत. "पत्त्यावर घर नाही." मी हळू आवाजात वाचलं, तरी आख्ख्या ऑफिसात ऐकू गेलं असं मला वाटलं.

"राहता परभणीत, मग पत्ता गावचा कशाला दिलात?" साहेबानं विचारलं.

"ऱ्हातो हितं, साहेब. हाय तिथलाच."

त्यानं फाईल मिटली. माणूस वाईट नव्हता. मुदत संपली होती, त्याच्या हातात काही नव्हतं.

घरी आल्यावर मायसमोर मी तुमच्यावर तुटून पडले. "ज्यायनं आपल्याला जाळलं त्यायच्या गावापायी गाडी घालवली तुमी!" तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि एवढंच म्हणालात, "चुकलं बाई माजं." मग शेवटपर्यंत तुम्ही दुसऱ्याच्या जीपवर राबलात. तुमच्यापेक्षा निम्म्या वयाचा मालक अरेतुरे करायचा आणि तुम्ही "जी, जी" म्हणत चाक फिरवायचात. पाहुण्यांत विषय निघाला की स्वतःच सांगायचात, "माज्या हट्टापायी गेली टॅक्सी, पोर सांगत व्हती." मी शेजारीच बसलेली असायचे. एकदाही तुम्हाला अडवलं नाही.

हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहायचं धाडस करतेय. विम्याच्या त्या फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत एक ओळ होती: पत्ता बदलल्यास ताबडतोब कळवावे, अन्यथा दावा नाकारला जाऊ शकतो. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. मला मोडकंतोडकं येत होतं, तेवढं कळण्यापुरतं. मी ती ओळ पत्ता लिहिण्याआधीच वाचली होती, दादा, आणि तुम्हाला सांगितली नाही. गावचा पत्ता मलाही सोडायचा नव्हता.