तुझ्या घरापर्यंतच्या आठ टॅक्स्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही, आज सकाळी खोलीतल्या गालिच्यावर खरोखर घातला, खाली जाणं जमलं, वर येताना पलंगाचा पाय धरावा लागला). तुझी प्रकृती ठीक असेल, रक्तदाब आटोक्यात असेल आणि भाऊजींचा गुडघा नव्या औषधाला दाद देत असेल अशी आशा आहे. हे सगळं मला कसं ठाऊक असं विचारू नकोस. माझी लेक दर रविवारी तुझ्याशी बोलते आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता, भाजी निवडत, सगळं मोठ्याने भिंतीला सांगते. मी पेपर वाचत असतो.

पाकिटावर परदेशी तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तर सरळ सांगतो. मी तुझ्याच शहरात आहे. आज नववा दिवस. तुझ्या घरापासून टॅक्सीने बावीस मिनिटांवर एका छोट्या हॉटेलात उतरलो आहे आणि परवा सकाळी माझं परतीचं विमान आहे. आलो तो फक्त तुला भेटायला. आईच्या आजारपणात मी तुला वेळेवर कळवलं नाही (आईच म्हणाली होती, तिला इतक्या लांबून पळायला लावू नकोस, हे मी तेव्हाही सांगितलं होतं), तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि बॅग खाली न ठेवताच तू म्हणालीस की यापुढे माझ्याशी बोलू नकोस. ती आज्ञा मी सात वर्षं पाळली. लहानपणापासून तुझं एवढं मी कधी ऐकलं नव्हतं. आता मी साठी ओलांडली, तू सत्तरीला टेकलीस, आणि लेकीने तिकीट काढून हातात ठेवलं. तेव्हा नऊ दिवसांत मी तुझ्या दारात का उभा राहिलो नाही याचा खुलासा करणं भाग आहे. दोष सर्वस्वी टॅक्सी मागवायच्या ॲपचा आहे.

ॲप लेकीनेच फोनमध्ये घालून दिलं. त्यात नेहमीचा पत्ता ठेवायला एक जागा असते, वर छोट्या घराचं चित्र आणि खाली 'घर' असं लिहिलेलं. तिथे तिने तुझा पत्ता टाकला आणि मला म्हणाली, बाबा, विचार करायचा नाही, घर दाबायचं. आता मी चौतीस वर्षं जमीनमोजणी केलेला माणूस. साखळी ओढत लोकांच्या बांधांवरून हिंडलो, एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या भावांना हद्दी आखून दिल्या. मला पत्ता सापडत नाही असं ऐकलं तर कचेरीतले जुने लोक हसतील. पण कागदावरचा नकाशा कसा, गप्प पडून असतो. हा हलतो. टॅक्सी मागवली की त्यावर एक नखाएवढी गाडी उगवते आणि आपल्याकडे यायला निघते. गल्ल्या ओलांडते, वळणावर घुटमळते, उलटं तोंड करते, पुन्हा शहाण्यासारखी सरळ येते. कुणीतरी, ओळख ना पाळख, आपल्यासाठी निघालंय आणि जवळ जवळ येतंय, हे बघत बसण्यात काय गुंगी आहे ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सकाळी मी खिडकीशी बसून ती इतकी बघत राहिलो की गाडी आली, थांबली, कंटाळली आणि निघूनही गेली. मग ती लांब जाताना बघत बसलो. तेही बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आधीच खाली जाऊन उभा राहिलो. हॉटेलासमोर रस्ता आहे, रस्त्यापलीकडे कालवा. फोनमधली खूण म्हणत होती की मी कालव्याच्या पलीकडच्या काठावर उभा आहे, आणि गाडी इमानाने तिकडे जाऊन थांबली. ड्रायव्हर उतरला. मी इकडून हात केला, त्याने तिकडून केला. मग त्याला त्रास नको म्हणून मी वरच्या पुलावरून तिकडे गेलो, आणि मला त्रास नको म्हणून तो खालच्या पुलावरून इकडे आला. पुन्हा हात केले. या गृहस्थांना भरघोस पांढऱ्या मिशा आहेत, तेव्हा यापुढे त्यांना मिशीवाले म्हणतो (पत्रात ते आणखी येणार आहेत). शेवटी ते त्या काठावरच्या बाकावर बसले आणि संत्रं सोलू लागले, मी या काठावर बसलो. मध्ये संथ पाणी, त्यावर पडलेली पिवळी पानं एकाच दिशेने, कसलीही घाई नसल्यासारखी चाललेली. कुणी कुणावर चिडलं नाही. पुढे मी पावलं टाकून मोजलं तर खूण तब्बल बेचाळीस पावलं चुकलेली निघाली. तशी रीतसर तक्रार ॲपकडे केली, कचेरीच्या भाषेत, तीन कलमांत. उत्तरादाखल पाच चेहरे आले, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि त्यातला माझा कोणता ते निवडायला सांगितलं. मला ठरवता येईना. तेवढ्यात दुपार कलली, आणि अवेळी तुझ्याकडे येणं मला प्रशस्त वाटलं नाही.

तिसऱ्या दिवसाचं सांगू की नको असं झालंय. ॲप म्हणालं पांढरी गाडी, समोर पांढरी गाडी उभी होती, मी मागचं दार उघडून बसलो. पुढचा माणूस फोनवर बोलत होता. त्याने आरशातून मान हलवली, मीही हलवली. दोन मिनिटांनी एक बाई औषधांची पिशवी घेऊन आली, पुढे बसली, मागे वळून माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं या देशात ड्रायव्हर बायकोला बरोबर नेत असतील, नेऊ देत बापडे. अर्धा तास आम्ही उतारावरून, झाडीतून, बैठ्या घरांच्या रांगांमधून चाललो होतो. काचेवर ऊन सांडत होतं, बाई हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती, आणि मला लहानपणी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून बसने जायचो ती झोप यायला लागली. जाग आली तेव्हा गाडी एका घरापुढे होती आणि ते दोघं दार धरून उभे होते. नवऱ्याला वाटलं होतं मी बायकोच्या माहेरचा, बायकोला वाटलं होतं नवऱ्याच्या ऑफिसातला, आणि विचारणार कसं म्हणून दोघांनी मला सोफ्यावर बसवून चहा दिला. फोनमधून भाषांतर करून करून उलगडा झाला तेव्हा तिघं पोट धरून हसलो. मग नवऱ्याला बल्ब बदलायचा होता म्हणून मी शिडी धरली. निघताना बाईने विचारलं, तुम्हाला खरं कुठे जायचं होतं. मी कालव्याचं नाव सांगितलं.

चौथ्या, पाचव्या दिवसाच्या टॅक्स्या किरकोळ आहेत, त्या सोडतो. सहाव्या दिवशी मी अनोळखी उतारू एकत्र बसवतात तसली टॅक्सी घेतली. म्हटलं बरोबर कुणी असलं तर बरं. वाटेत एक म्हातारी चढली, माझ्या शेजारी बसली आणि दुसऱ्या वळणाला माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. डोकं काय ते, पीस ठेवावं तसं. आणि गाडी तुझ्या रस्त्याला लागली. तुझी इमारत मी ओळखली. तिसरा मजला, डावीकडची बाल्कनी, दोरीवर चादर दुमडून, चारही टोकं आत घेऊन वाळत घातलेली, जशी आई घालायची आणि जशी जगात दुसरं कुणी घालत नाही. ड्रायव्हर थांबला. माझ्या खांद्यावर म्हातारी. आता तूच सांग, झोपलेल्या माणसाला उठवून उतरायचं कसं? मी खुणेनेच म्हटलं, पुढे चला. ती थेट शेवटपर्यंत झोपली, शहर संपून शेतं लागली तिथपर्यंत. उतरताना तिने माझा खांदा हाताने झटकून साफ केला आणि काहीतरी म्हणाली, ते मी भाषांतर करून घेतलं नाही.

असं करत करत ॲपचं माझ्याबद्दलचं मत बिघडलं. टॅक्सी रद्द केली की ते कारण विचारतं आणि खाली उत्तरंही तयार देतं. ड्रायव्हरला उशीर झाला. पत्ता चुकला. बेत बदलला. मी रोज वाचतो. भीती वाटली असं त्यात कुठेच नाही, तेव्हा मी 'इतर' दाबतो. गेले दोन दिवस माझ्याकडे दुसरं कुणी येतही नाही, फक्त मिशीवाले येतात. काल त्यांनी गाडी सुरू करण्याआधी फोन माझ्यापुढे धरला. त्यावर आलं होतं, साहेब, आज त्या घरी, की आधी फिरून येऊ? मी म्हटलं फिरून. बंद पडलेल्या गिरणीवरून, शाळा सुटलेल्या रस्त्यावरून, जिथे सगळ्या खिडक्यांत एकाच वेळी संध्याकाळ उतरते अशा एका लांबलचक चढावरून त्यांनी मला हिंडवून आणलं. एकदा तुझ्या कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबलो. सिग्नल हिरवा झाला तरी ते जरा वेळ तसेच थांबले आणि मागच्यांनी हॉर्न वाजवल्यावर निघाले.

हे पत्र त्यांच्याच हाती पाठवतोय. टॅक्सीने नुसती वस्तू पाठवायचीही सोय असते, हे मला कालच कळलं. मागच्या सीटवर पाकीट ठेवून पट्टा लावायचं त्यांनी कबूल केलं आहे. त्यांना पाणी विचार, भला माणूस आहे.

भाऊजींना नमस्कार. तुम्हा दोघांच्या प्रकृतीला जपावं. एकंदरीत ही ॲपं आपल्या वयाच्या माणसांसाठी केलेली नाहीत, असं माझं मत झालं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं पुन्हा वाचून पाहिलं. ॲपचा तसा काही दोष नाही. ते उत्तम चालतं. आठही वेळा त्याने मला तुझ्या घराचा बरोबर रस्ता दाखवला. कालव्यापाशीची खूण बेचाळीस पावलं चुकली होती ती मीच बोटाने सरकवली होती. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या गाडीचा नंबर जुळत नव्हता हे मी बसण्याआधी वाचलं होतं. आणि म्हातारी चढण्याच्या आधीच मी उतरायचं ठिकाण पुढे ढकललेलं होतं, ड्रायव्हर तुझ्या दाराशी थांबलाच नव्हता.

आणखी एक ता. क. आता खोटं काढायलाच बसलोय तर हेही. आई तसं म्हणाली नव्हती. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले दोन दिवसांत घरी सोडू, म्हणून कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप चढला, पण कळवलं असतं तर तू विचारलं असतंस, काल का नाही. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचा जाब द्यावा लागला असता, चौथ्या दिवशी तीन दिवसांचा. मी तुला घाबरलो, ताई, दुसरं काही नाही. आई रोज विचारायची, ताई निघाली का? मी सांगायचो, निघाली. कुठवर आली? मी सांगायचो, विमानात बसली. मग, उतरली. शेवटच्या दिवशी सांगितलं, टॅक्सीत बसली आहे, येतेच. ती दाराकडे तोंड करून पडून राहिली आणि मला म्हणाली, तिच्यासाठी पाणी तापवून ठेव. तिला मी फसवलं आणि तुला तिच्यापासून तोडलं. ती तुझी वाट बघत गेली. तू येते आहेस याबद्दल तिला शंका नव्हती, एवढंच सांगू शकतो.

शेवटची ता. क. मूळ काम हे. एकाने दुसऱ्यासाठी टॅक्सी मागवता येते, आणि तशी मागवली की बसणाऱ्याला पत्ता बदलता येत नाही, रद्दही करता येत नाही. मी मिशीवाल्यांकडून खात्री करून घेतली. पाकिटामागे हॉटेलचा पत्ता आणि माझा नंबर आहे. हे सगळं वाचूनही मागवावीशी वाटली तर तुझ्या फोनवरून माझ्यासाठी एक गाडी मागव. आज नाही तर उद्या. मी दोन्ही दिवस खाली उभा आहे. दार उघडल्यावर तू बोलायलाच हवं असं नाही, ती आज्ञा तशीच राहू दे. बोलणार मी आहे. पाच दिवस आई तुझ्याबद्दलच बोलत होती, आणि ते सगळं अजून माझ्याकडेच पडून आहे.