तळ्याखालची बांधी

बा, तुले मरून चाळीसेक वर्षं झाली. त्याच्याबी आधीपासून तुझ्यावर राग धरून आहे. आता तो धरायचा हक्क गेला, म्हणून लिहून राह्यली. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लागलं तं वाच.

तू गावाचा पाणकर होता. तळ्याचं पाणी सोडायचं तोंड, तुडूम, तुझ्या हाती. गावाचा नियम होता का ज्याची धानाची बांधी, ज्याचं वावर, तळ्याखाली, त्यानं तुडुमाले हात लावायचा नाई. आपल्याजवळ बोटभर जमीन नव्हती, म्हणून तं तुले नेमला. पाणी पहिले शेवटच्या बांध्यांले, तळ्याजवळच्यांले सगळ्यात मागून. त्या साली पाऊस मधातच थांबला. मी तुझी भाकर घेऊन आली, तं पाटील तुझ्यापाशी उभा.

"भाऊ, माझा धान पोटरीत आहे, आजच पाणी सोड."

"सगळ्यायचाच आहे, पाटील. तुमची पाळी परवा."

"मी काय परका आहे का?"

"पाण्याले ते समजत नाई."

पाटील हसला. मले वाटलं, जिंकलो आपण. केवढी बावळट मी.

त्यानं तुले शिवी दिली नाई, चोर म्हटलं नाई. आठ दिवसांनी घरी आला अन् तळ्याखालची एक बांधी तुले देऊन टाकली. गावासाठी लय झिजला म्हणे. माय चुलीपासून उठून दारात येते, तुझ्याकडे पाह्यते, तू भुईकडे पाह्यतो, अन् हो म्हणतो. दुसऱ्याच दिवशी पंच बसले. पाणकराची बांधी आता तळ्याखाली, तवा नियमानं तुडूम सोडा. किती गोड बोलले सगळे. नवा पाणकर पाटलाचा सालदार. त्याच्याजवळबी जमीन नव्हती, नियम मोडला असं कोण म्हणेल? शेवटच्या बांध्या वाळल्या. त्या आपल्याच बौद्ध मोहल्ल्यातल्या लोकायच्या. आपल्या घरी नव्या तांदळाचा भात शिजला. मी विचारलं, "बा, काऊन घेतली?" तू म्हटलं, "गप जेव." मी जेवली, दुसऱ्यांदा वाढूनबी घेतलं.

आता माझं ऐक. राशनच्या दुकानावर नजर ठेवायले ग्रामसभा दक्षता समिती निवडते. तीन वर्षं मी तिच्यात होती. माल आला का काट्यापाशी खुर्ची टाकून बसायची. दुकानदार म्हणे, "आजी, घरी टीव्ही नाई का?" मी म्हणे, "टीव्हीत तुझा काट्यावरचा अंगठा दिसत नाई." ओला तांदूळ आला तवा मी तहसीलात अर्ज दिला, दोनदा दिला. मग सरपंच घरी आला, चहा पेला, अन् सुनेले दुकानात पावत्या काढायच्या कामावर लावून देतो म्हणाला. ती कामावर लागली, तशी ग्रामसभेत वाचून दाखवलं का ज्याच्या घरचं माणूस दुकानात, त्याले समितीत बसता येत नाई. हात वर झाले. आजीनं गावासाठी लय केलं म्हणून टाळ्याबी वाजवल्या. माझ्या जागी जी बसवली तिले काट्यावरचा आकडा वाचता येत नाई. बिचारी खुर्चीवर नुसती बसून राह्यते.

काल टोकाच्या घरची म्हातारी पिशवी घेऊन आली. तांदूळ कमी, अन् त्याले कुबट वास. मी म्हटलं, "अर्ज कर." "कोणाले करू?" म्हणे. सून आतच होती. भांडे घासायचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. म्हातारीनं पिशवीचं तोंड बांधलं अन् निघून गेली.

हे कागद मी पेटीत लुगड्याखाली ठेवून देईन, घरच्यायले दाखवायचे नाई. घरच्यायले मी सांगितलं आहे का सरपंचानं फसवलं. फसवलं कायचं, नियम मले पाठ होता. सुनेनं तीनदा विचारलं, "आई, नको जाऊ का? तुमची समिती जाईल." मीच तिले म्हटलं, जा.