मी नुसतं बघितलं होतं

बाबा, तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली. मीही आता पेन्शनीत निघाले. गुडघे धरतात, म्हणून सकाळची प्रार्थना खुर्चीत बसूनच करते. आज प्रार्थना करताना दवाखान्यातली आया आठवली, आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे हेही आठवलं.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. तुम्ही आपल्या गावच्या छोट्या दवाखान्यात कंपाउंडर होता आणि मी नर्सिंग शिकून दोन वर्षांपूर्वी तिथंच लागले होते. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. गावात ख्रिस्ती घर आपलं एकटंच. कामावर निघण्याआधी तुम्ही चुलीजवळ उभे राहून डोळे मिटता आणि म्हणता, "प्रभू, आज माझ्या मनात काय शिरतंय, त्यावर माझं ध्यान राहू दे." मी भाकरी थापता थापता आमेन म्हणते. चोरी नाही, खोटं नाही, परपुरुषाचा विचार नाही. माझं मन स्वच्छच आहे, अशी माझी खात्री होती.

आया ढोकीकडची, तिशीतली विधवा. जखमांच्या पट्ट्या उकळायची, अडलेल्या बाईचा हात धरून बसायची. दुपारी आपण तिघं व्हरांड्यात जेवायचो आणि जेवण झालं की तुम्ही तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवायचा.

येरमाळ्याची चैत्रातली जत्रा झाली, आणि आठवड्याभरानं पेनिसिलिनची पेटी कपाटात नाही असं दिसलं. तेव्हा ते औषध फार जपून वापरायचे. डॉक्टरसाहेबांनी आपल्याला समोर उभं केलं. "कपाटाच्या खोलीत कोण कोण जातं?" मी आयाकडं बघितलं. साहेबांनी माझी नजर टिपली आणि तेही तिच्याकडं वळले. तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "साहेब, ही घेणारी नव्हं. मी जामीन राहतो." साहेबांनी ऐकलं नाही. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले. तिनं हातातली बादली खाली ठेवली आणि ती चालू लागली.

पंधरा दिवसांनी पेटी सापडली. जत्रेतल्या तात्पुरत्या दवाखान्यासाठी जी ट्रंक गेली होती, तिच्या तळाशी साहेबांनीच ती ठेवली होती. त्यांना फार वाईट वाटलं.

त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही चप्पलही न काढता विचारलंत, "तू तिच्याकडं का बघितलंस?"

"मी काही बोलले नाही, बाबा."

"बोलली असतीस तर मला खोडून काढता आलं असतं. तुझ्या मनात तिच्याबद्दल काहीतरी आधीच साठलं होतं, म्हणून मान तिकडं वळली. हातून पाप घडलं नाही म्हणजे मन निर्मळ, असं न्हाय पोरी. जा, तिला भेटून ये."

मी एस. टी.नं ढोकीला गेले. तिथं साखर कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि ती मातीची पाटी डोक्यावर घेऊन येत होती. मला बघून तिनं पाटी उतरवली, पदरानं तोंड पुसलं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "पेटी सापडली. साहेब तुला परत बोलवतायत."

"म्या न्हाय येनार, बाई."

"माझा राग आलाय?"

"सायबांनी इचारलं, त्यो त्यांचा हक हाय. पर तुमच्या संगं बसून दोन वर्सं भाकर खाल्ली म्या. तुमी बगितलं, तवाच कळलं, हितं आपलं कुनी न्हाय." मग ती म्हणाली, "बाबा बरे हायत न्हवं? त्यास्नी सांगा, एस्टीवर गावाचं नाव ल्हिलेलं असतंय, ते आता मला वाचता येतंय."

मुकादमानं हाक मारली आणि ती गेली. मी परत येऊन तुम्हाला निरोप सांगितला. तुम्ही म्हणालात, "कबूल केलंस, बरं केलंस." तो विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही.

पण मी सगळं कबूल केलं नव्हतं. ती चोर आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं. एका दुपारी ती काहीतरी चुकीचं वाचते आणि तुम्ही मोठ्यानं हसता. आई गेल्यापासून तुम्ही तसे हसला नव्हता. मी औषधांच्या खोलीच्या दारात उभी आहे. समोर व्हरांड्यात पेशंट बसलेत, सगळं उघड्यावर चाललंय, आणि तरी तुमच्या दोघांबद्दल जे माझ्या मनात येतं ते आजही मला लिहवत नाही. ते खरं नाही, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. तरी मी ते हाकललं नाही. पुढं कितीतरी दिवस, तुम्ही प्रार्थनेत डोळे मिटले असताना, मी तुमच्या चेहऱ्याकडं संशयानं बघत होते. ती बादली ठेवून निघून गेली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, बाबा. तुम्ही हे वाचणार नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं.