पाकिटातली चटणी

९ जानेवारी २०१२
कामठ्याहून आठ डबे चटणी घेऊन गोंदियाच्या मोठ्या दुकानात गेलो. समोसे-बर्गरच्या या कंपनीची खरेदी पाहणाऱ्या मिश्राजीनं चारच उतरवून घेतले. "बाकी ले जाइए भाईसाब, पुराना माल पड़ा है." नऊ वर्षांत पुराना माल कधी पडला नाही. उलट त्याचाच फोन यायचा, जल्दी भेजो. फ्रिजमधे पाहू म्हटलं तर आडवा उभा राहिला.
चार डबे परत. बायको शांता म्हणे, "काऊन परत आणले?" म्हटलं थंडी आहे, समोसे कमी खपून राहिले. थंडीत समोसे जास्तच खपतात, हे तिलाही माहीत आहे. तरी डबे उचलून आत नेले फक्त.

१३ जानेवारी
आमगाव. कंपनीच्या सात दुकानांतलं हे सगळ्यांत लहान, इथं मला कोणी ओळखत नाही. गिऱ्हाईक होऊन बसलो, बर्गर मागवला. सोबत लाल पाकीट आलं. कोपरा फाडायचा आन् पिळायचं. पाकिटावर नागपूरच्या कारखान्याचा छाप.
बोटावर घेऊन चाटली. भाजलेली जवस लगेच कळली. ठीक आहे, जवस आमच्या भागात कोणीही टाकेल. पण मागून जो आंबटपणा येतो तो चिंचेचा नाही, आमचूरचा नाही. अंबाडीची सुकवलेली बोंडं. ते फक्त आमच्या घरात. माहीत फक्त मला आणि शां.ला, तिसरं कोणी नाही.
काउंटरवरच्या पोरीला विचारलं, ही कधीपासून? "दिवाळीनंतरच आली काका. पयलेच्या चटणीसारखीच आहे ना?"
एक पाकीट खिशात घालून आणलं. शां.ला दाखवलं नाही. का नाही, सांगता येत नाही.

१८ जाने.
सौंदडला जाऊन आलो, शां.च्या भावाकडे. देवराम दिवाळीत आठ दिवस आमच्याकडे होता, मागच्या खोलीतच झोपायचा, जिथं चटणी होते. आता दारात नवी मोटारसायकल उभी. मी गाडीत बसल्या बसल्या सगळं जुळवूनच गेलो होतो.
चहा व्हायच्या आधीच बोललो. अंबाडीच्या बोंडांचं नागपूरवाल्यांना तूच सांगितलं.
"भाऊजी, तुमी मले चोर समजून राहिले?"
मग म्हणे, "चटणीत बोंडं टाकते माही बहीण? मले त मालूमच नव्हतं. आता तुमीच सांगितलं."
चहा तसाच ठेवून निघालो. मूर्खपणा झाला. तोंड खरं वाटलं त्याचं. पण मोटारसायकल?

२७ जाने.
मिश्राजीनं बोलावलं. एक मार्चपासून आमची चटणी बंद. "अपना कोई झगड़ा नहीं है. पाउच में आता है, फ्रिज नहीं लगता, सातों दुकान में एक जैसा." म्हटलं, एक जैसा कसा? आमच्याच चटणीचा स्वाद आहे तो. कोणी दिला? त्यानं पेन उचललं, ठेवलं. "मालिक का फैसला है."
उठलो. दारापर्यंत आलो तर मागून, "भाभीजी की खाँसी अब कैसी है?"
ठीक है, म्हणालो. आपोआप तोंडातून गेलं.
बसमधे बसल्यावर डोक्यात आलं. हा माणूस कामठ्याला कधी आला नाही. शां. त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही. निदान माझ्या माहितीत.
आणि खोकला कोणता?

३० जाने.
खोकते. मिरची भाजायला बसली की खोकते, उठल्यावरही किती वेळ. जेवताना तोंड फिरवून. आधीही होतं का? आठवलं तर होतंच. मिरचीचा ठसका समजून तो आवाज आम्ही हिशेबात धरलाच नव्हता. आम्ही म्हणजे मी.

२ फेब्रु.
राशन कार्ड शोधत होतो. शां.च्या पेटीत साडीखाली डॉक्टरचा कागद. गोंदियाचा, नोव्हेंबरचा. वर सगळं इंग्रजी, खाली मराठीत एकच ओळ, मिरचीचं काम पूर्ण बंद करणे. खाली दोन रेघा.
नोव्हेंबरात ती बहिणीचे डोळे दाखवायला जाते म्हणून दिवसभर गेली होती. तो दवाखाना कंपनीच्या मोठ्या दुकानापासून तीन दुकानं सोडून आहे.
कागद होता तसा ठेवला. दाखवला असता तर मी काय म्हणालो असतो? हे दोन महिने निघू दे, मग पाहू. हेच म्हणालो असतो. म्हणून चिडता येत नाही. तरी चिडलो आहे.

५ फेब्रु.
विचारलं. ती बोंडं निवडत बसली होती.
"तुनं सांगितलं का?"
"काय?"
"चटणीचं. मिश्राले."
हात थांबला नाही. मी पाकीट काढून पुढे ठेवलं. तिनं उलटंपालटं करून पाहिलं, कोपरा दातानं फाडला, चाखलं. "मीठ जास्त आहे," म्हणे.
"मी काय विचारून राहिलो?"
"नऊ वर्षं झाली. तुमी त्या खोलीत धा मिनिटं तरी बसले का?"
"हे माह्या विचारण्याचं उत्तर नाई."
"नाई," म्हणाली, आणि सूप घेऊन उठली.
नाई म्हणजे सांगितलं नाही? की हे उत्तर नाही? तेव्हापासून तोच एक शब्द डोक्यात.

६ मार्च
पोतंभर मिरची उरली आहे. शां. बाजारात गेलेली. दार लावून मीच भाजायला बसलो. घड्याळ समोर. चौथ्या मिनिटाला डोळे चुरचुरून मिटले, सहाव्याला छाती धरली. बाहेर येऊन न्हाणीजवळ ओकलो.
ती आली तेव्हा खाली बसलो होतो. कढई पाहिली, मला पाहिलं. तांब्या आणून ठेवला. "खिडकी उघडून बसाव लागते," एवढंच. पण त्या खोलीला खिडकी नाही. मीच टिनं ठोकून बंद केली होती, वास शेजारी जाऊन कोणी ओळखू नये म्हणून.

११ मार्च
कोहमाऱ्याहून ढाबेवाला आला. कंपनीतली चटणी तुमची होती असं ऐकलं म्हणे. त्याले आणि त्याच्या दोन भावांना रोज पाहिजे. कोणी सांगितलं विचारलं तर हसला, "नाम सबको मालूम है."
मिश्रानं पाठवला? देवरामनं? की हिनंच? आत भांड्यांचा आवाज थांबला होता. ऐकत होती.
हो म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हटलं, घरी विचारून सांगतो. तो पाहतच राहिला, मालक तुमीच ना?
तो गेल्यावर आत गेलो. शां. पाठ करून भाताचं पाणी वेळत होती. खोकली नाही. मी दारातच उभा राहिलो. दोन गोष्टी विचारायच्या होत्या, तुनं सांगितलं का आणि हे काम घ्यायचं का, कोणती आधी ते ठरेना.
"जेवता का?" म्हणे.
जेवलो. अजून विचारलं नाही.