राक्षसिणीचे उभे कान

बोलपूर, १२ पौष

आई,

तुझ्या पायांना इथूनच हात लावतो. माझा खोकला गेला. दोन्ही वेळा भाताबरोबर मासा मिळतो.

पोरगा राक्षसिणी घडवतो म्हणून गावात हसतात, असे टुसूने तुझ्या पत्रात लिहिले. हसू देत. मी ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या ऐंद्रिलादी जुन्या साड्यांना गोधडीसारखे कांथ्याचे टाके घालून राक्षसिणीचे धड शिवतात. डोके आणि नखे मातीची, ती माझ्याकडे.

आता सांगायला हरकत नाही, माझे काम जाणारच होते. आपण गावी मातीच्या घोड्याचे कान वेगळे भाजून मागाहून खोचतो ना? हाताच्या सवयीने मी राक्षसिणीलाही तसेच केले. घोड्याचेच कान! भट्टी उघडली तेव्हा कुठे ते माझ्या लक्षात आले. प्रदर्शन दोन दिवसांवर होते.

"सुदेव, हे काय रे?"

"घोड्याचे कान, दीदी. मी आजच गावी जातो."

त्यांनी कान खोचले, मागे सरकून पाहिले आणि खो खो हसत सुटल्या. "कुठे निघालास, गाढवा? आम्हा बायकांचे कान जन्मभर पदराखाली. हिचे राहू देत उभे."

प्रदर्शनातल्या पाटीवर राक्षसिणीचे नाव मीच लिहिले, ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासून. काल एक म्हातारी तिच्यासमोर मैत्रिणीला दटावत होती, "हळू बोल गं, ती ऐकतेय!"

थोरले काका अजून तुझ्यावर ओरडतात का? टुसूला खरे लिहायला सांग.

प्रदर्शन महिनाभर आहे. रविवारच्या बसने ये. पदर जरा मागे घे आणि कुणाला सांगत नाहीस ते हिच्या कानात सांग. मी लांब उभा राहीन.

तुझाच,
सुदेव