शेवंतीची सही

कोलशेत,
दि. १२ फेब्रुवारी १९९०

चि. नाथा यास मंजुळाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वर खोडलेलं दिसतंय ते 'आम्ही सगळे ठीक' होतं.

धाकूदादाने होडीला नवा रंग दिला. खाडीत यंदा कोळंबी बरी आहे. कंपनीत फॅक्स आलाय, माझं टेलेक्स मशीन महिनाअखेर उचलणार. मस्कतला तुमच्याही ऑफिसात फॅक्स आल्याचं तू शनिवारी कळवलंस. "आता आयला स्वतःच्या हाताने नाव लिहून पाठवायला सांग," म्हणालास.

टेलेक्सवर माझं निभावत होतं. तू मोठा सावध. आधी 'कोण बोलतंय' विचारायचं बटण दाबायचास, आमचं मशीन आपणहून कंपनीचं नाव पाठवायचं, मगच तू दोन ओळी टाइप करायचास. मशीन खरंच सांगायचं रे. त्याच्यापुढे बसून 'आय म्हणते' असं टाइप करणारी मी होते.

नाथा, आय गेली. नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, काविळीने. मुलगा दूर, म्हणून अग्नी चुलत्यांच्या धाकूदादाने दिला. तो तुझा मान होता.

आधीचा आठवडाभर ती बजावत होती, "त्याला सांगू नको गो, काम टाकून येल." तेवढं खोटं तिच्या शब्दाखातर. पुढचे सहा महिने माझे. दिवाळीत येऊ का, असं तू आयला विचारलंस, तेव्हा 'काम पुरं कर, शिमग्याला ये' हे मीच टाइप केलं. तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आणि खरं सांगू? 'आय, जेवलीस का' असं तू विचारलंस की ती घरात आहे असं वाटायचं. ते मला सोडवेना.

काल तिची सही करून पाहिली. साक्षरता वर्गात शिकलेली, 'शेवंती'तला 'व' भलामोठा, 'ती' ओळीखाली घसरलेली. चार कागद फाडले. पाचव्यावर इतकी हुबेहूब उतरली की क्षणभर मलाच ती आयची वाटली. मग माझी मलाच भीती वाटली. कागद चुलीत घातला आणि हे लिहायला बसले.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण शिमग्याला ये. तिची मासळीची पाटी मी कोणाला दिलेली नाही.

दर निरोपाच्या शेवटी 'आयचा आशीर्वाद' टाइप करायचे. आज खाली माझं एकटीचंच नाव आहे.

तुझी,
मंजुळा