ताईच्या पुढे

दि. ३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. उजवा जरा मोठा झालाय, पण डावा पाय तुझ्यावर बेहद्द खूश आहे.

आता रडगाणं. रविवारच्या चालण्याच्या शर्यतीत मी पुन्हा दुसरीच आले. पहिली अर्थात आमच्या संघातली ताई. नऊ वर्षांनी मोठी आहे माझ्याहून, आणि चार वर्षांत कोणाकडून हरलेली नाही. पण सरावात एकटी चालले की माझी वेळ तिच्यापेक्षा सरस येते! प्रशिक्षक बाईंनी काल व्हिडिओ लावून दाखवलं. ताईच्या खांद्याशी पोचले की माझी पावलं आपोआप आखडतात. मी कपाळावर हात मारून घेतला. मग बाईंनी विचारलं, की घरची माणसं रस्त्याने कशी चालतात. मी सांगितलं, बाबा पुढे, मग दादा, मग तू आणि शेवटी मी. बाई नुसत्या हसल्या. मोठ्यांच्या पुढे चालू नये, हे मला कोणी कधी शिकवलं नाही गं, पण पायांना पाठ झालंय.

मार्चअखेर निवडीची शर्यत. पहिली येईल तीच परदेशी स्पर्धेला जाणार. यंदा हुकलं तर इथली खोली सोडायची आणि बाबांच्या दुकानात घड्याळांचे पट्टे बदलत बसायचं. मला नाही बसायचं, आई! बाईंनी ताई म्हणायलाच बंदी केलीय. नावाने हाक मारायची म्हणे. जीभच वळत नाही.

सगळ्यांना नमस्कार, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
शेंडेफळ

दि. १२ फेब्रुवारी

चि. शेंडेफळ हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाईंचा आधी रागच आला. हरणार ही आणि खापर आमच्या माथी! पण शनिवारी बाजारात जाताना मुद्दाम बाबांच्या बरोबरीने चालायला लागले. रस्ता रुंद, रिकामा. तरी चौक येईपर्यंत मी मागे! पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. शेवटी बाबांनी विचारलं, की चपलेत काही बोचतंय का. तेव्हा बाई खऱ्या, हे मान्य.

पण ताई म्हणणं सोडू नकोस. नाव घेताना जीभ अडखळेल आणि जिभेपाठोपाठ पायही. आठव, जिन्यातले दिवे गेले की बॅटरी कोणाकडे असायची? तू एवढीशी, पण पुढे तूच, आणि आजोबा तुझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. कोणाला कधी वावगं वाटलं नाही. वाट दाखवणारा पुढेच चालतो, केवढा का असेना. हेही आपल्याच घराने शिकवलंय, बाईंना सांग. ताईला मागे टाकायचं नाहीच, तिला उजेड दाखवायचा.

दादा म्हणतो, इतकं चालून पोचतेस कुठे, तर निघालीस तिथेच. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

जिवाला जप. पत्र लिहीत जा, तेवढाच जिवाला विसावा.

तुझी
आई

दि. २९ मार्च

आई, पहिली! पहिली आले गं!

नमस्कार आधी लिहायला हवा होता, आता घे.

शेवटच्या फेरीत ताईच्या खांद्याशी आले आणि पावलं आखडायला लागली. या वेळी ते मला कळलं. मनात म्हटलं, ताई, पुढे अंधार आहे, ये माझ्या मागून. आणि पाय मोकळे झाले! धावले नाही हं, एक पाय कायम जमिनीवर. पंचांना बोट ठेवायला जागा नाही. पुढे अख्खा रस्ता रिकामा. शर्यतीत पहिल्यांदाच माझ्यापुढे कोणाची पाठ नव्हती. क्षणभर भीती वाटली, मग इतकं छान वाटलं की मी चालता चालता मोठ्याने हसले.

ताईने पाठीत धपाटा घातला आणि विचारलं, की इतकी वर्षं कुठे होतीस. मी सांगितलं, तुझ्याच मागे.

१५ एप्रिलला सकाळच्या गाडीने येते.

तुझी
शेंडेफळ

दि. २ एप्रिल

चि. शेंडेफळ हिस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

बाबा दुकान उघडं टाकून गल्लीभर सांगत सुटले. मी आधी रडले, मग हसले, मग दूध उतू घालवलं. दादा सांगत फिरतोय, की बहीण त्याच्याच तालमीत तयार झाली.

स्टेशनवर आम्ही सगळे येतोय. बाबांनी निरोप दिलाय, की तिथून घरापर्यंत तू पुढे चालायचंस आणि आम्ही मागून येणार. त्यांना झेपेल का, असं मी विचारलं, तर कालपासून दुकान लवकर बंद करून गल्लीत झपाझप फेऱ्या मारताहेत.

तुझी
आई